एक गुडघा मैदानात

आमच्या हडपसरच्या कबड्डी क्लबात चहाला चारजण बसले, की गोष्टी आपोआप निघतात. बाहेरच्याला सांगायला जावं, तर तो म्हणतो, "डोकं तपासून घ्या!" म्हणून आपसातच बऱ्या.

पैशासाठी लीगमध्ये निघालेला खेळाडू एका पायाची नीकॅप क्लबातल्या खुंटीवर ठेवून जातो. ही रीत आमच्या कोच अण्णांची. "पैशे खुशाल कमव. पर एक गुडघा हितं ऱ्हाऊ दे!" आम्ही हसायचो. अण्णा हसायचे नाहीत.

*

संदीपला लीगची ऑफर आली आणि खडकीच्या कारखान्यात नोकरीही. गाढवानं नोकरी घेतली! आम्ही भरपूर टर उडवली. आता तो म्हणतो, "गाडी नाही घेतली, पण रविवारी भाजी आणायला दोन्ही पायांवर जातो." हे म्हणताना तो खुंटीकडे बघत नाही.

*

गिरीश लीगमध्ये गेला. एका सकाळी खुंटीवरची त्याची नीकॅप ओलीचिंब! छप्पर गळलं म्हणावं, तर भर उन्हाळा. हात लावला, तर कोमट लागली. त्याच संध्याकाळी टीव्हीवर गिरीशला स्ट्रेचरवरून नेताना पाहिलं.

अण्णांनी नीकॅप पिळून दोरीवर टाकली. "वाळली की यील त्यो." आला. थोडा लंगडतो, पण अजून आमच्यात खेळतो. त्या खुंटीखाली बसायला मला आजही भीती वाटते.

*

विकास आमचा सगळ्यात भारी चढाईपटू. उजवा गुडघा सुजलेला, डॉक्टरांनी सीझनभर विश्रांती सांगितलेली आणि नेमकी तेव्हाच लीगची मोठी ऑफर. घरी सगळे एका खोलीत राहणारे.

अण्णा म्हणाले, "औंदा थांब. पाय ऱ्हायला तर लई वर्सं खेळशील."

"पुढच्या वर्षी मला कोण विचारणार, अण्णा? पाया पडायला पोरं येतील, पण घर नाही व्हायचं."

खरं होतं त्याचं. मी असतो तर मीही गेलो असतो.

"मग नीकॅप तरी ठेव."

"दोन्ही गुडघे लागणारेत मला!" म्हणाला आणि गेला.

इंजेक्शनं घेऊन खेळला, गाजला, घर बांधलं. परत आला तो धडधाकट. सूज नाही, लंगडणं नाही! आम्ही अण्णांना चिडवलं, "आता उपटा ती खुंटी!"

मैदानावर नुकतंच पाणी मारलं होतं. विकासनं मातीला हात लावला, अनवाणी चढाईला आला आणि गिरीशला शिवून हसत परत गेला. टाळ्या वाजल्या. मग एकेक करत थांबल्या.

ओल्या मातीत जाता-येता डाव्या पावलाचे ठसे उमटले होते. फक्त डाव्या.

अण्णांनी फावड्यानं माती सारखी केली. "परत एक चढाई कर, बाळा."

विकास खाली बघत राहिला. मग त्यानं चपला घातल्या.

"नको, अण्णा," तो म्हणाला. "घर बघायला या ना एकदा."