अळणी वरण

कोपरखैरण्याहून निघताना मी पाण्याचा पाच लिटरचा कॅन घेतला. उरणजवळच्या जनाकाकूंच्या गावची विहीर खारट झालीय, हे ठाऊक होतं. काकू म्हणजे माझ्या मैत्रिणीची आई. मैत्रिणीच्या हळदीला टँकरचं पाणी घ्यावं लागलं, ते काकूंना आजही सलतं. आता आठवड्यावर नातीची हळद आली होती.

द्रोणागिरीची गोदामं, कंटेनरच्या रांगा मागे टाकत रिक्षा खाडीकाठी थांबली. कॅनने माझा हात पार अवघडला होता. काकूंचे यजमान पांडूकाका मला थेट बांधावरच घेऊन गेले. "उधान (भरती) पयल्यापेक्षा वर चरतंय (चढतंय)," ते म्हणाले. "बांध फुटला नि बाव (विहीर) खारी झाली." मग गावाने बांध पुन्हा घातला आणि त्यापुढे तिवरं (खाडीतली झाडं) वाढू दिली. लाटांचा जोर आता तीच झेलतात. विहिरीमागचं बुजलेलं तळंही खणलं. त्यातलं पावसाचं पाणी जमिनीत मुरतं आणि खाऱ्या पाण्याला मागे रेटतं. हे सांगताना काका एकेका तिवराला हात लावत होते, आणि मला ते फार आवडले.

महिनाभर गाळ उपसून विहीर आज मोकळी झाली होती. उन्हाळ्यात खारटपणा सर्वांत वाढतो, म्हणून वैशाखातलं पाणी म्हणजे खरी परीक्षा. पण पहिल्या पाण्याचा नैवेद्य गावदेवीला, त्याआधी कुणी थेंबही चाखायचा नाही. काकूंनी त्याच पाण्यात वरण-भात रांधला, देवीला दाखवला, मग पानं वाढली. आम्ही सगळे त्यांच्याकडे बघत राहिलो.

काकूंनी पहिला घास घेतला आणि त्यांचा चेहरा पडला.

"वरनाला चवच नाय!"

"मीठ किती घातलंत?" मी विचारलं.

"बावीच्या पान्यात मीठ कोन घालतंय? इतकी वर्सं..." काकू बोलता बोलता थांबल्या. मग त्यांनी वाटीच तोंडाला लावली. डोळ्यांतून घळाघळा पाणी. "अवो, अळनी हाय! अळनी!"

काका पान सोडून विहिरीकडे धावले. ते अळणी वरण मी तीनदा मागून घेतलं.

माझ्या कॅनची मात्र भरपूर थट्टा झाली. त्यातलं पाणी तुळशीला घालून काकूंनी तो विहिरीवर भरून दिला.

आमच्याकडे नळ सोडला की पाणी येतं. ते कुणी राखलं, हा विचार मी कधी केला नव्हता. रात्री घरी कॅनमधल्या विहिरीच्या पाण्याचं वरण लावलं. मिठाच्या डब्याकडे गेलेला हात मागे घेतला, आणि पहिला घास अळणीच खाल्ला.