पापलेट म्हणजे डावीकडून

फुटबॉलमधलं मला जेवढं कळतं, तेवढं रत्नागिरीत दुसऱ्या कोणाला कळत नसेल. म्हणजे आपला गोल कुठला आणि त्यांचा कुठला, एवढं मी छातीठोकपणे सांगतो. तेसुद्धा मध्यंतरापर्यंत. नंतर बाजू बदलतात, तिथे माझा घोटाळा होतो.

पण किस्से सांगायला खेळ कळावा लागत नाही, हरावं लागतं. जिंकलं की नुसता फोटो उरतो. हरलं की जेट्टीवरच्या आमच्या चहाच्या टपरीवर सुक्या मासळीसारखा माल साठतो, पावसाळाभर पुरतो. केळशीच्या पोरांनी आमच्या वाडीच्या टीमला चार गोल घातले. आमचा एक नाही. तेव्हापासून आम्ही म्हातारे तेच चघळतोय.

आरोपी एकच, दत्ता तांडेल. अख्खी हयात बोटीचा तांडेल, म्हणजे कप्तान, म्हणून हुकूम सोडण्यात गेली. मग गुडघे गेले, बोट मुलाकडे गेली आणि हुकूम पोटातच राहायला लागले. घरी बायकोसमोर सोडायची सोय नाही. शेवटी वाडीतल्या पोरांनी त्याला टीमचा कोच केला, तर माणूस पुन्हा ताठ चालायला लागला. आता तीच पोरं म्हणतायत, केळशीबरोबर परतीची मॅच आहे, त्यात हुकूम दुसरं कोणीतरी देईल, दत्ताकाकांनी खुर्चीवर बसून बघावं.

तांडेलाला खुर्ची देणं म्हणजे बोट भंगारात काढणंच की!

*

हुकमांची भानगड अशी. दत्ताने मोबाइलवर बघितलं की परदेशी टीमा हल्ला करताना खुणेचे शब्द ओरडतात. त्याने आधी आकडे ठेवले. पोरं आकडे विसरायला लागली. मी चौथीत दोनदा बसलेला माणूस, मी त्यांना नावं ठेवली नाहीत.

मग दत्ताने मासळी आणली. पापलेट म्हणजे डावीकडून. सुरमई म्हणजे उजवीकडून. बांगडा म्हणजे सगळ्यांनी एकदम पुढे, कारण बांगडा एकटा कधी येत नाही. आणि बोंबील म्हणजे गोलाजवळ गेलं की अंग ढिलं सोडून पडायचं, पेनल्टी मिळते.

"नुसतं पडायचं?" मी विचारलं.

"नाय रे, पडायचं आणि बोंबलायचं."

*

मॅच होती सकाळची. पण केळशीवाल्यांची गाडी वाटेत बंद पडली आणि शिटी वाजेपर्यंत उन्हं कलली. आमचं मैदान जेट्टीला लागून. खेळ रंगात आला आणि तिकडे बोटी लागल्या, मासळीचा लिलाव सुरू झाला. पुकारणारी कोण? शेवंतीवहिनी, म्हणजे दत्ताचीच बायको. तिच्या आवाजापुढे बोटीचा भोंगा खालच्या पट्टीतला.

वहिनीने पहिलीच टोपली पुढे ओढली आणि पुकारलं, "बांगडाऽऽ!"

आमची अकराच्या अकरा पोरं पुढे धावली. गोलकीपरसकट! केळशीचा एक पोरगा बॉल घेऊन आमच्या रिकाम्या गोलात चालत गेला. धावायची गरजच नव्हती.

दत्ता कडेने "सुरमई, सुरमई" करत घसा फोडत होता. सुरमई त्या दिवशी बाजारातसुद्धा आली नव्हती.

मग वहिनीने बोंबील काढले. अर्धी टीम मैदानाच्या मधोमध धपाधप आडवी झाली. रेफरीला वाटलं, पोरांना विषबाधा झाली. त्याने खेळ थांबवला, पाणी मागवलं आणि आमच्या कॅप्टनला, विनूला हलवून विचारलं की दुपारी काय खाल्लंत.

विनू डोळे मिटूनच म्हणाला, "आधी पेनल्टी द्या, मग सांगतो."

*

दुसऱ्या दिवसापासून टपरीवर चौकशी बसली. जोशी मास्तर निवृत्त, वेळ भरपूर. त्यांचं म्हणणं, दोष शब्दांचा नाही, रचनेचा आहे. त्यांनी चहाचे रिकामे ग्लास बाकावर मांडले. हा बचाव, ही मधली फळी, हा पुढचा. मग पाठ वळवून भारतीय फुटबॉल मागे का पडला ते सांगायला लागले.

सांगून वळले, तर बाक स्वच्छ.

टपरीवाला आतून म्हणाला, "मास्तर, तुमचा पुढचा धुवायला गेलाय. मधल्या फळीतनं दुसऱ्यांना चहा दिलाय."

*

मी सुचवलं, मासळी सोडा, भाज्यांची नावं ठेवा. जेट्टीवर भाज्या कोण पुकारणार? दत्ताला पटलं. सरावाला त्याने "दोडकाऽऽ" अशी आरोळी ठोकली.

कोणी जागचं हललं नाही. विनू तोंड वाकडं करून म्हणाला, "काका, दोडक्यासाठी आमी घरात पण उठत नाय."

*

दत्ता फार पडेल चेहऱ्याने फिरायला लागला, तेव्हा मी ठरवलं, जरा मजा करू. टपरीमागे जाऊन त्याला फोन लावला, नाक दाबून. म्हटलं, संगमेश्वरहून बोलतोय, तुमचा बोंबील फार गाजलाय, आमच्या टीमला शिकवायला याल काय?

दत्ताने तेच परत एकदा सांगायला लावलं. मला वाटलं, भरून आलं बिचाऱ्याला.

मग दत्ता म्हणाला, "येतो की. पण मेल्या, संगमेश्वरात आमच्या मास्तरांचा खोकला कसा ऐकू येतो रे?"

*

शेवटी पोरांनी निकाल लावला. नावं मासळीचीच राहणार. फक्त हुकूम वहिनी देणार. सांगायला दत्ताच्या घरी कोण जाणार? पोरांनी मला पुढे ढकललं, विनू माझ्या पाठीआड.

ओटीवर दत्ता गळ्यातली शिटी चाचपत बसला होता. वहिनी पायरीवर कोयतीने मासे साफ करत होती. मी आडवळणाने सांगायला लागलो, पण दत्ताला पहिल्याच वाक्यात कळलं. तो माझ्यावर चिडला नाही, पोरांवरही नाही. बायकोकडे वळला.

"हिला? हिला फुटबॉलमधलं काय कळतंय? मैदानाकडे एकदा तरी तोंड करून उभी ऱ्हायलीय काय ही?"

वहिनीने खवल्यांचा हात बाजूच्या बादलीत धुतला, पदराला पुसला.

"नाय ऱ्हायले. पाठ करून उभी होते, समोर गिऱ्हाईक होता, तरी तुमची अकरा पोरं धावली. तुमी तर तोंड करून उभे होतात. तुमच्या सुरमईला किती धावली, ता सांगा ना भावजींना."