तिचं ‘हाय’

हजेरीला आम्ही सगळे ‘प्रेझेंट सर’ म्हणायचो. ती पहिल्याच दिवशी ‘हाय’ म्हणाली. सारसोळ्याच्या कोळीवाड्यातली होती, त्यांच्याकडे ‘आहे’ला ‘हाय’ म्हणतात. ‘मी हाय’ एवढंच तिला सांगायचं होतं. मी मागून हात हलवत ओरडले, ‘हाय! हॅलो!’ वर्ग खो खो हसला. तीसुद्धा हसली बिचारी, आणि माझ्याच बाकावर येऊन बसली.

मी नेरूळच्या सोसायटीतली. डबा आईच्या हातचा, क्लास बाबांनी लावलेला आणि कंटाळा तेवढा स्वतःचा. तिच्या बापाची मात्र अट होती: एकदा जरी नापास झालीस तर कॉलेज बंद, पावणे एमआयडीसीतल्या कारखान्यात लागायचं. हे तिने मला पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

दुसऱ्या वर्षी प्रोजेक्टला आमची जोडी होती. मासळी बाजारावरचं ते सगळं तिने लिहिलं. मी कव्हर केलं, गुलाबी. वायवाच्या दिवशी दाराबाहेर ती पुटपुटत पाठ करत होती. पोरं जमली होती आणि मला चेव आला. मी तिची नक्कल केली, ‘सर, बाजार हाय, पापलेट हाय, पानी नाय, कोनी नाय!’ काय टाळ्या पडल्या! आत गेल्यावर तिने तोंडच उघडलं नाही. सरांनी तीनदा विचारलं. दर वेळी ती आधी माझ्याकडे बघायची, मग टेबलाकडे. तिने लिहिलेलं मी घडाघडा बोलले आणि पास झाले. तिला केटी लागली.

केटी मलाही लागली, अकाउंट्समध्ये. पेपर पुन्हा द्यायचा, वर्ष काही जात नाही. बाबा म्हणाले, ‘टेन्शन घेऊ नकोस.’ मी नाराज दिसते म्हणून आईने पावभाजी केली. तिच्या घरी निकालावरचा ‘एफ’ तेवढा दिसला.

ती मला कॅन्टीनमध्ये शोधत आली. ‘रविवारी घरी येशील? बाबाला सांग ना, केटी म्हंजे नापास नाय. तुला पन लागलीय, तुझा आयकल तो.’

‘येते की,’ मी म्हटलं. ती वळली, तशी मी मैत्रिणींना म्हणाले, ‘कोण जाणार त्या सुकटीच्या वासात!’ हळू बोलले नव्हते. तिचे पाय क्षणभर थांबले, मग ती गेली. आमच्या सोसायटीपासून सारसोळे चालत दहा मिनिटं. त्या रविवारी मी दुपारी बारापर्यंत लोळत पडले होते. सोमवारपासून ती कॉलेजात आली नाही.

तिसऱ्या वर्षी कॉलेजने आम्हाला पावण्याचा एक कारखाना बघायला नेलं. औषधाच्या गोळ्यांची पाकिटं भरायचं काम चालायचं तिथे. सुपरवायझर म्हणाले, ‘ही आमची सगळ्यात हुशार, हीच दाखवेल.’ डोक्यावर जाळीची टोपी घालून ती पुढे आली.

‘नमस्कार. हा पॅकिंग विभाग आहे. इथे पाणी आणायचं नाही. कोणीही मशीनला हात लावायचा नाही.’ एकेक ‘ण’ ठणठणीत.

खरं सांगते, मला आधी लाज वाटलीच नाही. आधी वाटलं, सुटले बाई, त्या टोपीत मी नाही! माझ्या घराबद्दल, कॉलेजबद्दल मला आयुष्यात पहिल्यांदा कृतज्ञता वाटली ती अशी. हल्ली मी एक लेक्चर बुडवत नाही, पुस्तकाला पाय लागला तर नमस्कार करते. आई म्हणते, पोरगी सुधारली. सुधारली म्हणे!

सगळे बाहेर पडत होते. ती दाराशी उभी होती. मी जवळून जाताना तिने हळूच विचारलं, ‘आता बरोबर बोलते ना मी?’

‘हो,’ मी म्हटलं.

बसमध्ये सर हजेरी घेत होते. माझं नाव आलं आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. सरांनी पुन्हा नाव घेतलं. मग माझ्या वतीने मागून कुणीतरी ओरडलं, ‘प्रेझेंट सर!’