आक्काचा परीक्षेचा फॉर्म

कॉलेजात टिकायचं कसं, हे मला एकाही प्राध्यापकानं सांगितलं नाही. आक्कानं सांगितलं, तेही कोल्हापुरात शाहूपुरीतल्या आमच्या भाड्याच्या खोलीत पहिल्याच दिवशी. मी कोडोलीची खैरून, आयुष्यात पहिल्यांदा घराबाहेर राहायला आलेली. अम्मानं दिलेला डबा पुढ्यात उघडा ठेवून मी डोळे पुसत बसले होते. आक्का म्हणाली, "डबा उघडून रडायचं न्हाय. आदी खायाचं, मग रडायचं. उपाशी रडलं की गाडी धरून गावाकडं पळावंसं वाटतंय." मला तिचा राग आला. डबा संपल्यावर रडू आलंच नाही, तेव्हा तर जास्तच राग आला.

ते साल १९७३. आक्का, म्हणजे माझ्याबरोबर खोलीत राहणारी तानाबाई, तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होती आणि बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. गाव हातकणंगल्याजवळ. पंधराव्या वर्षी तिचं लग्न झालं आणि अठराव्या वर्षी नवऱ्यानं दुसरी बायको घरात आणली. आक्का त्याच दिवशी उठून आईकडे आली. वडील नव्हते. आई झुंबरबाई दुसऱ्याच्या रानात तण भांगलायला जायची. तिच्या जिवावर आक्का बाहेरून दहावी-अकरावी करून मॅट्रिक झाली.

मॅट्रिकचा फॉर्म भरताना गावच्या गुरुजींनी एक घोळ घालून ठेवला. लग्न झालेल्या बाईच्या नावापुढे बापाचं नाव बरं दिसत नाही, म्हणून त्यांनी तिला न विचारता नवऱ्याचं नाव घातलं. त्यांनी ते मायेपोटीच केलं, पण असली माया मला आजही नको. ज्या माणसानं आक्काला दहा वर्षांत साधं लुगडं घेतलं नव्हतं, त्याचं नाव तिच्या प्रत्येक कागदावर येऊन बसलं. तानाबाई बाळासो वरुटे.

आम्हा मुलींची जेवणं गावाहून यायची. आई सकाळी भाकरी थापून डबा एस.टी.त द्यायची, आम्ही तो स्टँडवर उतरवून घ्यायचो. झाकणावर पांढऱ्या रंगात नाव असायचं. धुतलेला डबा संध्याकाळच्या गाडीनं परत जायचा. भांडं रिकामं परत करायचं नाही ही खेड्यातली रीत, म्हणून आक्का त्यात चिमूटभर साखर टाकायची. तिच्या आईला वाचता येत नव्हतं. डबा आला, साखर दिसली, की पोरगी खुशाल आहे एवढं तिला कळायचं.

आक्काचं सगळं शिकवणं असंच रोकडं होतं. पुढच्या बाकावर बसायचं, कारण मागं बसलं की मास्तर आपल्याला हिशेबात धरतच नाहीत. इंग्रजी उतारा आधी आपल्या बोलीत एकमेकींना सांगायचा आणि मगच वहीत लिहायचा. लायब्ररीत पुस्तक नसेल तर ते कुणी नेलंय हे विचारून त्याच्या दारात जायचं. ऑफिसात कागद दिला की पोच मागायची. कारकून नाही म्हणाला तर ते 'नाही' कागदावर लिहून द्या म्हणायचं, बहुतेक वेळा तो लिहीत नाही आणि आपलं काम होतं. मला आधी हे भांडकुदळपणाचं वाटायचं. पहिल्या सहामाहीत मी जमा केलेली वही ऑफिसातून गहाळ झाली, तेव्हा पोचेमुळे मी वाचले आणि माझं तोंड बंद झालं.

पुढच्या वर्षी आक्का शेवटच्या वर्षाला गेली आणि विद्यापीठाच्या परीक्षेचा फॉर्म आला. त्यात पालकाच्या सहीचा रकाना होता. आधीचा कारकून तिकडे काणाडोळा करायचा. आता गणपतराव आले होते आणि ते काहीच सोडत नसत. नाव नवऱ्याचं आहे तर सही नवऱ्याचीच लागेल, शनिवारी शेवटचा दिवस आहे, असं सांगून त्यांनी फॉर्म परत केला. सही नाही तर परीक्षा नाही, आणि तीन वर्षांवर पाणी.

आम्ही दोघी बाळासोच्या गावी गेलो. तो पानाच्या टपरीवर बसला होता. सही करतो म्हणाला, पण परीक्षा झाली की नांदायला येईन असं आक्कानं लिहून द्यायचं. त्याच्या दुसऱ्या बायकोचे गुडघे धरले होते आणि गोठ्यात चार म्हशी होत्या. आक्कानं फॉर्मची घडी घातली आणि ती वळली. कोल्हापूर आल्यावर एवढंच म्हणाली, "त्येला म्हसरामागं माणूस पायजे. मला बी. ए. पायजे."

गुरुवारी ती सहीशिवायच फॉर्म घेऊन गणपतरावांच्या खिडकीशी उभी राहिली. मतदानाला मला कुणी नवऱ्याची चिठ्ठी मागितली नाही, मग पेपर लिहायला का, असं तिनं विचारलं. ते नियम म्हणाले. तिनं नियम लिहून मागितला. त्यांनी खिडकी लावून घेतली. आक्का बाहेरच्या बाकावर बसली आणि ऑफिस बंद होईपर्यंत उठली नाही. मीही बसले. त्या रागाच्या भरात संध्याकाळची गाडी निघून गेली आणि डबा परत धाडायचा राहून गेला. तीन वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

शुक्रवारी सकाळच्या गाडीनं डबा आला नाही, झुंबरबाईच आल्या. आदल्या संध्याकाळच्या गाडीत डबा नाही हे बघून त्यांच्या जिवाचं पाणी झालं होतं. पोरगी आजारी पडली की बाळासोनं ओढून नेली, याच घोरात त्या पहाटेपासून होत्या. आक्का धडधाकट दिसल्यावर आधी त्यांनी तिला चार शिव्या घातल्या. मग सगळं ऐकून घेतलं आणि पदर खोचून सरळ ऑफिसात शिरल्या. मी भ्याले, हे कबूल करते. आवाज ऐकून प्राचार्य बाहेर आले. झुंबरबाई त्यांच्यापुढे जरासुद्धा वाकल्या नाहीत.

"सायब, तीन वर्सं रोज भाकरी मी धाडली," त्या म्हणाल्या. "त्येनं एक दिस तरी धाडली का, इचारा की. मग सही त्येची कशापायी?"

प्राचार्यांनी फॉर्म हातात घेतला, बराच वेळ वाचला आणि गणपतरावांना विचारलं, की पालक म्हणून आई चालत नाही असं कुठं लिहिलंय ते दाखवा. गणपतरावांनी नियमांचं पुस्तक उलटं-पालटं केलं. तसं कुठंच लिहिलेलं नव्हतं. मग शाईचा पॅड आला आणि झुंबरबाईंनी रकान्यात अंगठा असा दाबला की बाजूची दोन अक्षरंही शाईखाली गेली. एवढं होऊनही आक्का खिडकीशी उभीच. पोच घेतल्यावरच ती हलली.

आक्का दुसऱ्या वर्गात पास झाली. पुढे हातकणंगल्याकडच्या एका शाळेत तिनं वीस वर्षं मराठी शिकवलं. बाळासोकडे ती परत कधी गेली नाही.

मी मात्र खोलीत मागं राहिले होते आणि माझं शेवटचं वर्ष आलं होतं. अब्बा गेल्यापासून माझ्या फॉर्मवर ख्वाजाचाचा सही करायचे, आणि दर वर्षी सही करण्याआधी पेन हातात घेऊन, पोरीला आणखी किती शिकवायचं, हे मोठ्यानं विचारायचे. त्या वर्षी त्यांनी पेन खाली ठेवलं. बास झालं म्हणाले. मी वाद घातला नाही. कोल्हापूरला परत आले आणि त्या संध्याकाळी डबा मुद्दाम धाडला नाही.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं माझी अम्मा, बिबीजान, धावत आली. मी तिला स्टँडवरच सगळं सांगितलं. ती माझ्यापुढे कॉलेजकडे चालायला लागली. खिडकीशी आम्हा दोघींना बघून गणपतरावांनी काही विचारलं नाही. त्यांनी ड्रॉवर उघडला, शाईचा पॅड काढला आणि स्वतःच अम्माकडे सरकवला. अम्मानं अंगठा उमटवला. गणपतराव फॉर्म गठ्ठ्यात घालून खिडकी लावायला लागले, तेव्हा मी हात आत घातला आणि पोच मागितली.