भावाचा पट्टा

आमच्या जिल्ह्याचे दोन जिल्हे झाले तेव्हा माझा धाकटा भाऊ पाचवीत होता. पुढे मोठा झाल्यावर तो आंधळगावात टिकलाच नाही. आमच्या घरी माय हातमागावर कोशाच्या रेशमाच्या साड्या विणायची. माझं सासर दोन गल्ल्या सोडून, त्यामुळे शिलाई मशीन मी मायकडेच ठेवली होती. आम्ही दोघी दिवसभर बसून काम करणाऱ्या, आणि याला बसायचंच वावडं. आधी नागपूरला हॉटेलात कामाला राहिला, मग तिथल्याच एका ओळखीनं थेट अंदमान गाठलं आणि बोटीवर लागला. हौशी पाहुण्यांना ती बोट खोल समुद्रात न्यायची. तिथे ते गळानं माणसाएवढी मासोळी धरायचे. पाहुणा थकला की गळाची काठी माझ्या भावाच्या हाती यायची.

मायनं समुद्र फक्त टीव्हीवर पाहिलेला. फोनवर ती दरवेळी सांगायची, "बाबू, नावेत धरून बसत जाय." तो हाव म्हणायचा. फोन ठेवला की ती मला विचारायची, आवाज कसा वाटला, बरा आहे ना तो. मी बरा आहे म्हटलं की तिचं समाधान व्हायचं आणि ती मागावर जाऊन बसायची.

एका दिवाळीला तो आला तोच वाकून चालत. माय पाणी आणायला गेली तेव्हा त्यानं सदरा वर करून दाखवलं. बेंबीखाली बशीएवढा काळानिळा डाग होता.

"मायले सांगू नको ताई."

मी त्याला दोन शिव्या हासडल्या आणि मायला सांगितलं नाही.

डाग मासोळी ओढताना कमरेला बांधायच्या पट्ट्यानं पडला होता. त्याच्या पिशवीत तसले दोन पट्टे निघाले आणि पाठीमागून घ्यायचे दोन हार्नेस. सगळे बोटीवरचे जुने. यातला अंगाला बसेल तो घेऊन टाक, बाकीचे परत आण, असं मालकानं सांगितलं होतं. पण सगळंच धिप्पाड माणसांच्या मापाचं. माझा भाऊ म्हणजे पाप्याचं पितर. माप बेतायचं काम अर्थात माझ्याकडे आलं.

पट्टा पुढे बांधायचा. त्याला एक वाटी असते, तिच्यात काठीचं बूड टेकवायचं. हार्नेस पाठीमागून यायचा आणि त्याच्या दोन नवारी पुढे येऊन काठीवरच्या दोऱ्याच्या चाकाला हुकानं अडकायच्या. म्हणजे मासोळीचं वजन हातांवर न येता पाठीवर आणि पायांवर येतं. प्रत्येक नवारीला हुकाच्या आधी एक बक्कल होतं, शाळेच्या दप्तराला असतं तसलं, दोन्ही बाजूंनी दाबलं की सुटणारं, पण लोखंडाचं.

"हे काहून?" मी विचारलं.

"मासोळीनं माणूसच पाण्यात ओढला तर," तो हळू आवाजात म्हणाला. "हे दाबलं का आपण सुटलो. नाही दाबलं तं तिच्यासंगं खाली."

माझ्या हातातली टेप तशीच राहिली. तेवढ्यात माय आली. तिनं नवार चिमटीत धरून पाहिली, शिलाईवरून नख फिरवलं आणि म्हणाली, "मजबूत आहे. हे नावेले बांधतेत ना? माणूस पडू नाही म्हणून?"

भावानं माझ्याकडे पाहिलं. "हाव माय," तो म्हणाला. "नावेलेच."

मायच्या चेहऱ्यावरचा ताण असा उतरला की मला काही बोलवेना. मी, जी कोणाचं ऐकून घेत नाही, ती मान खाली घालून माप घेत बसले.

मायला हार्नेस आवडला तो खांद्यांवरून येणारा. सगळं अंग धरून ठेवतो म्हणे. मी म्हटलं, पाहू. अंगणात भावाला तो चढवला, हुक अडकवायला काठीऐवजी बांबू दिला, बांबूच्या टोकाला दोर बांधला आणि दुसरं टोक धरून मी ओढायला लागले. दुसऱ्याच हिसक्याला तो पुढे झुकला आणि तोंडावर पडता पडता राहिला. मग कमरेखाली बसणारा दुसरा घातला. पट्टाही बदलला. पोटावर रुतणारा लहान काढून मांड्यांवर टेकणारा रुंद लावला. आता तो खुर्चीत बसल्यासारखा मागे रेलला. मी सगळा जोर लावला, माझ्या चपला घसरल्या, पण तो हलला नाही. दोर म्हणजे नाव समजून माय पायरीवर बसून हसत होती. मला मात्र हसू येईना. दोर ओढणारी मी होते आणि मनात सारखं तेच येत होतं, की मी थांबले म्हणून थांबलं, मासोळी थांबणार नाही.

मी नवार आखूड केली, टोकं दुमडून मशीननं चार चार टिपा मारल्या. खांद्यांवरचा बाजूला ठेवला तेव्हा माय थोडी खट्टू झाली. पुढचे दोन दिवस दुपारचा तिचा माग बंद असायचा. मला वाटलं, पोरगा घरी आहे, बसली असेल त्याच्यासाठी अनरसे करत.

तो निघाला त्या सकाळी मी त्याची पिशवी भरत होते. हार्नेस हातात घेतला आणि सवयीनं बक्कल दाबलं. दबेना. उजेडात नेऊन पाहिलं. दोन्ही बक्कलं कोशाच्या धाग्यानं गुंडाळून, नवारीला आरपार टाके घालून, जाम बंद केलेली. टाके इतके बारीक की नवारीचंच विणकाम वाटावं. असे टाके गावात एकाच हाताचे होते.

मी कात्री घेतली आणि तिथेच बसून उसवू लागले. धागा तुटत नव्हता.

"काहून उसवून राहिली?" दारातून माय म्हणाली. "ते आपोआप सुटत होतं म्हणून म्या शिवलं. पाण्यात सुटलं तं?"

गोड काहीतरी सांगता आलं असतं. पण मी घाबरले होते, आणि घाबरले की मला राग येतो.

"ते नावेले नाही बांधत माय! मासोळीले बांधतेत! सुटलंच पाह्यजे ते. नाही सुटलं तं तुह्या पोराले ती खाली घेऊन जाईन!"

भाऊ आंघोळ करून आला होता, तो ओल्या अंगानं तसाच उभा राहिला. मायनं आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तुले माहीत होतं?"

"हाव."

ती माझ्याजवळ येऊन बसली. माझ्या हातून कात्री घेतली आणि स्वतःचा एकेक टाका स्वतः कापला. शेवटचा धागा उपटून झाल्यावर हार्नेस भावाला दिला. "घाल. आन् खोलून दाखव." त्यानं दाखवलं. "डोळे मिटून." त्यानं डोळे मिटून सोडवलं. "आता डाव्या हातानं. डावं बक्कल बी, उजवं बी." ऑटो येऊन हॉर्न देत होता, तरी ती थांबेना. तो घालत होता, ती सोडवायला लावत होती. शेवटी त्याचेच डोळे भरून आले. ती रडली नाही.

पट्टा चांगला निघाला. पोटावर पुन्हा डाग पडला नाही, असं तो सांगतो. आज इतकी वर्षं झाली, तो त्याच बोटीवर आहे आणि अजून तरी सुखरूप आहे. मी त्या सकाळी बोलले ते बरोबरच होतं. तेच, मायनं नावेचं विचारलं तेव्हाच बोलायला हवं होतं.

फोन येतो तेव्हा भाऊ म्हणतो, "सगळं ठीक आहे माय." माय म्हणते, "खरं सांग." तो तेच पुन्हा सांगतो. ती ऐकून घेते, फोन माझ्या हातात देते आणि उठून मागावर जाते. मला ती काही विचारत नाही.