वरची माय

"घाई काय शे, माय?" असं आतल्या पोरीला म्हणत वरची माय संडासच्या अर्धवट लोटलेल्या दाराकडे पाठ करून उभी राहायची. पदर खांद्यावरून पुढे घेतलेला, नजर समोरच्या भिंतीवर. आत माझी चार वर्षांची परी बसलेली असायची. गॅसवर कुकर शिट्ट्या मारू दे, खालून भाजीवाला हाका मारू दे, ती जागची हलायची नाही. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, ज्यांना दुसऱ्यासाठी थांबता येतं. मला ते कधीच जमलं नाही. मला तिचा राग यायचा, आणि त्या रागाला खरं नाव हेवा हेच आहे.

सुरतेत पर्वत पाटियाच्या मागच्या अंगाला आमची बिल्डिंग. आम्ही बुलडाण्याकडचे. ती आमच्या वरच्या मजल्यावर राहायची, धुळ्याकडची, नवरा कापडाच्या लूमवर कामाला. तिची अहिराणी सुरतेत राहून गुजराती-हिंदीत कालवली गेली होती. बिल्डिंगमधल्या कामाला जाणाऱ्या बायका आपली पोरं दिवसभर तिच्याकडे ठेवायच्या. ती सगळी पोरं तिला 'माय' म्हणायची. मला माझी मुलगी 'मम्मी' म्हणते. या दोन शब्दांत किती अंतर असतं, ते मला तिच्यामुळे कळलं.

परी आधी तिच्याकडे नव्हती, बालवाडीत जायची. त्या वर्षी तिला सारखा ताप यायला लागला. सर्दी नाही, खोकला नाही, नुसता ताप, आणि लघवीला जायचं म्हटलं की रडणं. तपासणीत लघवीचं इन्फेक्शन निघालं. औषधाने बरं वाटलं, पुन्हा आलं. तिसऱ्या खेपेला तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. एवढ्याशा हाताला सलाईन लावून ती पडली होती आणि मी तिची पावलं चोळत बसले होते.

डॉक्टरबाई गुजराती होत्या, माझ्याशी हिंदीत बोलायच्या. त्यांनी सोनोग्राफी करून घेतली, ती चांगली आली. मग परीलाच विचारलं, स्कूल में सू सू को जाती हो? परीने नकारार्थी मान हलवली. तिथला संडास घाण असतो, म्हणून ती सकाळपासून दुपारपर्यंत रोखून धरायची. त्यात पोटही साफ होत नव्हतं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "हिला दर दोन-तीन तासांनी बसवा, लागो न लागो. घाई करू नका, पूर्ण होऊ द्या. पाणी द्या. पोट साफ राहायला हवं. धुताना, पुसताना पुढून मागे. ताप आला तर वाट न बघता लघवी तपासा. हे असंच होत राहिलं तर किडनीला इजा होऊ शकते."

मी मार्केटात साडीच्या दुकानात घड्या घालायचं काम करते. दुकानाच्या मजल्यावर बायकांसाठी धड सोय नाही, त्यामुळे मी स्वतःच दिवसभर रोखून धरणारी. घरी आले की परीला बसवायची आणि दारातून म्हणायची, "झालं का? लवकर कर." तिचं व्हायचं नाही. दर दोन-तीन तासांनी तिला बसवायला मी घरी कुठे होते? म्हणून परीला बालवाडीतून काढून वर मायकडे ठेवलं आणि डॉक्टरबाईंनी सांगितलेलं सगळं मायला सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ठीक शे, परीनी मम्मी." तिने मला कधी दुसऱ्या नावाने हाक मारलीच नाही.

तिने परीच्या पायाखाली लाकडी पाट ठेवला, कारण कमोडवर पाय लोंबकळले की पोर अंग आखडून घ्यायची. झालं म्हटल्यावर लगेच उठू द्यायची नाही. आत-बाहेर दोघींच्या गप्पा चालायच्या, आणि जरा वेळाने आणखी थोडी लघवी व्हायचीच. खाण्यात पपई आली, पालेभाजी आली. माझे वेफर्सचे पुडे बंद झाले. तेही तिने मला काही न बोलता केलं. मी दिलेला पुडा संध्याकाळी तसाच परत पाठवायची.

परी सुधारत होती. गाल वर आले. शेजारणी म्हणायच्या, मायच्या हाताला गुण आहे. मी हसायचे आणि घरी येऊन भांडी आपटायचे.

एका रविवारी मी ठरवलं, आज सगळं आपण करायचं. तसाच पाट आणला, तशीच दाराकडे पाठ केली. परी आतून म्हणाली, "मम्मी, तू मागे वळून बघतेस."

"नाही बघत."

"मायला बोलव."

मी बोलावलं नाही. बराच वेळ दोघी हट्टाला पेटल्यासारख्या थांबलो. शेवटी ती रडायला लागली, तेव्हा मीच तिला उचलून वर नेलं. मायकडे पाहुणे आले होते. तिने परीला कडेवर घेतलं आणि पाहुण्यांना सांगितलं, "हाई मनी परी शे." मनी, म्हणजे माझी. माझ्या हातात परीची चड्डी होती. ती घेऊन मी खाली आले.

मला एकदाच तिच्यावर मात करता आली. पावसाळ्यात परीला पुन्हा ताप भरला. मी त्याच दिवशी लघवी तपासायला दिली, इन्फेक्शन वेळेत सापडलं, औषध सुरू झालं. ताप उतरल्यावर माय म्हणाली, "ताप गया ना, मंग दवाई कसाले? पोर कडू तोंड करस." मी तिला मुद्दाम दवाखान्यात सोबत नेलं आणि तिच्यासमोर डॉक्टरबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, ताप गेला म्हणजे जंतू गेले असं नाही, कोर्स पूर्ण करायचा. मी तिच्याकडे पाहिलं. निदान थोडी खट्टू तरी होईल, असं वाटलं होतं.

रिक्षात बसल्यावर ती म्हणाली, "तुनं खरं शे, परीनी मम्मी." आणि दुसऱ्या दिवसापासून औषधाची वेळ तिने एकदाही चुकवली नाही. एवढंच नाही, बिल्डिंगमध्ये कुणाचं पोर आजारी पडलं की ती जाऊन सांगायची, दवाई पुरी करा, परीच्या मम्मीला सगळं माहीत आहे. माझी एकुलती एक जीतही तिने अशी हसत हसत सगळ्यांना वाटून टाकली.

मग तिच्या मुलाला सुरतेबाहेर चलथाणच्या बाजूला काम लागलं. त्याला मुलगा झाला, सून नाजूक होती, आणि ती तिकडे राहायला निघाली. परी तोवर मोठ्या शाळेत जायला लागली होती. पाण्याची बाटली रिकामी करून यायची, सुट्टीत बाईंना विचारून संडासला जायची. बऱ्याच दिवसांत ताप नव्हता. म्हणजे तिची तशी गरज उरली नव्हती. टेम्पोत सामान चढताना मला आतून हलकं वाटत होतं, हेही सांगून टाकते.

वरची खोली एका जोडप्याने घेतली. परी सुरुवातीला जिन्यात जाऊन बसायची. मी काही विचारत नसे. नंतर ती बसेनाशी झाली.

दिवाळीनंतर आम्ही चलथाणला गेलो. रस्त्याला उसाचे ट्रॅक्टर लागले होते. परी वाटेभर बोलत होती, मायला हे सांगेन, ते दाखवेन. घराचं दार उघडंच होतं. माय जमिनीवर बसली होती, पाय लांब सोडून, आणि मांडीवर नातू. त्याला ती अगदी हळू आवाजात काहीतरी म्हणून दाखवत होती.

परी उंबऱ्यातच थांबली.

"ये ना माय," ती परीला म्हणाली.

परी माझ्यामागे लपली. माझा ड्रेस घट्ट धरून म्हणाली, "मम्मी, घरी चल."

हे शब्द ऐकायला मी किती दिवस थांबले होते. तिला उचलून घ्यावं आणि मागे फिरावं, एवढंच करायचं होतं. पण खाली वाकून तिचा चेहरा पाहिला, आणि तो चेहरा मला चांगलाच ओळखीचा वाटला; भांडी आपटताना माझा असायचा तोच.

मी आत गेले. "मावशी, द्या त्याला माझ्याकडे," म्हटलं आणि बाळाला उचलून अंगणात आणलं. मांडी मोकळी झाली. जरा वेळाने परी आत सरकली.

मी बाळाला खांद्यावर घेऊन उसाच्या गाड्या दाखवत उभी राहिले. आत दोघी बोलत होत्या, शब्द कळत नव्हते. तेवढ्यात त्या पठ्ठ्याने माझ्या नव्या ड्रेसवर गरम धार सोडली. लंगोट आत होता. हाक मारली असती तर ती लगेच उठून आली असती. मी हाक मारली नाही. तशीच ओली, त्याला थोपटत उभी राहिले.