सईच्या वाट्याचा रोट

आधीच सांगते, हे वाचून कुणी मला गंडे-दोरे सुचवायला येऊ नका. मी जळगावात पाइपच्या कारखान्यात टेस्टिंगला आहे. पाइप प्रेशरला टिकला तर पास, फुटला तर फेल... एवढाच माझा देवधर्म.

माझी मुलगी सई चार वर्षांची. तिला झटके यायला लागले तेव्हा डॉक्टरांनी डोक्याचा एमआरआय सांगितला. एवढंसं पोर मशीनमध्ये गप्प पडून राहणार नाही, म्हणून भूल द्यायची होती. तारीख मिळाली श्रावणातल्या सोमवारची, नेमकी गावी कानबाईच्या विसर्जनाची. पाचोऱ्याजवळच्या गावाहून सासूबाईंचा फोन आला.

"रोट सोडीसन पोरले मशीनमा घालतस का वं?"

"हो. कानबाई पुढच्या वर्षीही येईल, ही तारीख नाही येणार," मी म्हटलं आणि फोन ठेवला. आम्ही गावी गेलोच नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी - कानबाई ही आमची खानदेशातली देवी, आणि रोट म्हणजे तिच्या नावानं दळलेल्या गव्हाचा प्रसाद. तो भाऊबंदांतच खायचा, घराबाहेर जाऊ द्यायचा नाही.

दवाखान्यात सकाळपासून सईच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता. बिस्कीट मागून मागून रडली आणि मग माझ्या मांडीवर नुसती पडून राहिली. मला तिच्याकडे बघवत नव्हतं. शेजारी माझे मिस्टर बसलेले. आमच्याजवळ कुणी आलं नाही, मी तिला खाली ठेवलं नाही. हे मी कुठेही, कुणासमोरही सांगेन.

भूलतज्ज्ञ मॅडम आल्या. "काही खाल्लं नाही ना हिनं?"

"काहीच नाही."

मॅडम वाकल्या, आणि त्यांचा चेहराच बदलला. सई काहीतरी चावत होती! तोंडाला तुपाचा वास. मी तिची मूठ उघडायला गेले तर सोडेना.

"माझा वाटा आहे," ती म्हणाली.

मुठीत रोटाचा तुकडा होता. अजून कोमट.

मॅडमनी मला सगळ्यांसमोर झापलं. भुलीत पोटातलं अन्न फुप्फुसात गेलं तर पोर हातची जाते, कळत नाही का तुम्हाला? तपासणी रद्द. मी मिस्टरांवर उखडले. हा माणूस आईचं ऐकून खिशातून रोट घेऊन आला, अशी माझी खात्रीच होती. त्यांनी बिचाऱ्यांनी खिसे उलटे करून दाखवले. मग मी तिथूनच सासूबाईंना फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मी काय देसू माय? रोट घरबाहेर जास नही." मग हळूच म्हणाल्या, "आनि पोरना नावना गहूच काढेल नहीत. तिना वाटाना रोट येई कोठून?"

आमच्याकडे घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू काढतात. पोरींच्या नावानं नाही, त्या परक्या घरच्या. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी हे मला त्या दिवशीच कळलं.

संध्याकाळी सईला सणकून ताप भरला. छातीत कफ घरघरायला लागला. दुसऱ्या दिवशी त्याच मॅडमनी तिची छाती तपासली आणि म्हणाल्या, "काल भूल दिली असती तर अवघड झालं असतं." एवढंच बोलून त्या निघून गेल्या.

ताप गेल्यावर रीतसर एमआरआय झाला. मेंदूत गाठबीठ काही नाही. गोळ्यांनी झटके थांबलेत - गोळ्यांनी, हे ठळक अक्षरात वाचा. गावात मात्र सगळे म्हणतात कानबाईनं वाचवलं, आता नवस फेडा. मी नवस बोललेच नव्हते; फेडला नाही, फेडणारही नाही. त्या तुकड्याचं काय, म्हणाल तर मला माहीत नाही. खूप डोकं चालवलं. तो कुठून आला ते आजही सांगता येत नाही.

पण यंदा मी कानबाईला गेले. गहू काढताना सुपाजवळ बसले आणि सईचं नाव घेऊन एक मूठ टाकली. चुलतसासू कडाडल्या, "आशी रीत नही आपली!"

"मग आजपासून आहे," मी म्हटलं.

सगळ्या बायका सासूबाईंकडे बघायला लागल्या. त्यांनी गव्हात हात घातला आणि माझ्या मुठीवरची राहिलेली पाव मूठ स्वतः टाकली.